संहितेची वाट बघणारा नट

मागच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंधरा दिवसांचं अभिनय शिबिर घ्यायला गेले होते. पहिल्या दिवशी बावीस मुलामुलींना म्हटलं, ज्याला जे येतं ते करून दाखवा. बहुतेकांनी मोबाइलवर बघून पाठ केलेली स्वगतं केली. त्यात बारावी झालेली एक मुलगी होती. नवऱ्याने फसवलं म्हणून बंगल्याच्या जिन्यात बसून रडणाऱ्या एका श्रीमंत बाईचं स्वगत तिने केलं. पाठांतर चोख होतं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण त्यातलं एकही वाक्य तिच्या घरात कधी कुणी बोललं नसेल. हेच का निवडलंस, असं विचारल्यावर म्हणाली, ‘ऑडिशनला असलंच लागतं ना मॅडम.’

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकच काम दिलं. काल दिवसभरात हातांनी जे काम केलंत ते करून दाखवा, तोंडातून शब्द काढायचा नाही.

या मुलीच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. ते दुपारी जेवायला घरी गेले की दोन तास गिरणी हीच बघते. ती उभी राहिली. डबा उचलून वर धान्य ओतलं, रिकामा डबा खाली पिठाच्या तोंडाशी लावला, आणि पीठ पडायला लागल्यावर चिमूटभर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. मान किंचित तिरकी झाली. डाव्या हाताने चाक अगदी थोडं आवळलं. पुन्हा चिमूट, पुन्हा चोळणं. या सगळ्या वेळात तिची नजर पिठाकडे नव्हतीच. ती दाराकडे बघत होती. तिथे डब्यांची रांग होती आणि रांगेतलं कुणीतरी आपला डबा हळूच पुढे सरकवत होतं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी तिच्या तोंडून निघालंच, ‘ओ मावशी, नंबरानं!’ गिरणीच्या घरघरीवर चढवलेला आवाज, तुटक, दोन शब्दांत संपणारा. आदल्या दिवशीच्या स्वगतातला आवाज याच मुलीचा होता, हे पटेना.

पुढच्या दहा दिवसांत पाच जणांच्या गटाने त्या चिमटीतून वीस मिनिटांचा खेळ उभा केला. नवरात्राच्या आदल्या दिवशीची गिरणी. उपासाचं दळण सकाळी सगळ्यात आधी, दगड साफ करून. राजगिऱ्याच्या पिठात कुणाची तरी बाजरी आली म्हणून भांडण. भांडणातून कुणाच्या दाण्यामागून कुणाचा दाणा दळायचा हा प्रश्न. आणि हे सगळं चालू असताना एका आळीतला डबा, सकाळपासून रांगेत असूनही, दळायचा राहतोच आहे, हे कुणीही न सांगता बघणाऱ्याच्या लक्षात यायला लागतं. शेवटच्या दिवशी गाव बघायला आलं. खेळ संपल्यावर मुलीचे वडील माझ्याशी न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिराच्या जागी आले आणि म्हणाले, ‘तो डबा मागं ठेवायचं आमच्या बापापासनं चालत आलंय. मी रोज ठेवत होतो, मला दिसलं नव्हतं.’

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या नाटककाराला हा विषय सुचला असता की नाही, मला सांगता येणार नाही. त्या मुलीला तो माहीत होता, आणि आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीचं नाटक होऊ शकतं हे मात्र तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या नाट्यशिक्षणाबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते.

दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, आपण विचारतो की नवी नाटकं कुठे आहेत, नवे नाटककार का येत नाहीत. हा प्रश्न आपण नेहमी लेखकाच्या दारात नेऊन ठेवतो. मला तो नटाच्या शिक्षणाच्या दारात ठेवायचा आहे. आज महाराष्ट्रात अभिनय शिकवणारे वर्ग उदंड झालेत. पण तिथे नट तयार होतो तो निवडला जाण्यासाठी. कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं, भावना चटकन कशी आणायची, फोटो कसे काढून घ्यायचे. यातून मुलांना काम मिळतं, घर चालतं, आणि त्याबद्दल मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. मी स्वतः अशा वर्गांत शिकवलंय. पण या शिक्षणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. नाटक कुठेतरी दुसरीकडे, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात तयार होतं, आणि नटाने ते हातात येईपर्यंत तयार होऊन बसायचं. असा बसून राहिलेला नट कितीही गुणी असला, तरी त्याच्या बळावर नवं नाटक येत नाही.

आपल्याकडे हे पहिल्यापासून असंच होतं असं नाही. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं प्रसंग ओळखून स्वतः करायची. लिहिलेली होती ती पदं. पूर्ण लिहिलेलं, छापलेलं गद्य नाटक त्यानंतर आलं, वि. ज. कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चं. त्या काळी अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हणत. पुढे १८८० चं ‘संगीत शाकुंतल’, नाटक मंडळ्या, तालीम मास्तर, आणि एकाहून एक नाटककार. हे सगळं आपलं वैभव आहे आणि त्यातलं एक अक्षरही कमी करावं असं मी म्हणत नाही. फक्त त्या प्रवासात नटाचं एक काम हळूहळू दुसऱ्याकडे गेलं आणि आता ते आपलं होतं हेच नट विसरला.

सगळीकडे विसरला असंही नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतार आजही जिवंत आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर एक बाक, मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग, झांज. राजपार्ट करणारा, स्त्रीपार्ट करणारा, आपापली रंगभूषा आरशाच्या तुकड्यात बघून स्वतःच करत बसलेला. लिखित संहिता नाही. आख्यान कोणतं हे ठरतं, कुणी काय करायचं हे ठरतं, आणि मग पहाटेपर्यंत माणसं उभ्या उभ्या नाटक रचत जातात. समोरच्याने एखादा नवा मुद्दा काढला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. पदाची जागा आली की पेटीवाल्याला नुसत्या शब्दाच्या वजनावरून कळलं पाहिजे. तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, अशीच. गावात शिरल्यावर सोंगाड्या चहाच्या टपरीवर बसून जे ऐकतो ते रात्री बतावणीत येतं.

इथे एक गैरसमज मला दूर करायचा आहे, कारण शिबिरात तो रोज भेटतो. उत्स्फूर्त म्हणजे तोंडाला येईल ते बोलणं, असं मुलांना वाटतं. दशावतारी नट तसं बोलत नाही. रामायण-महाभारतातले प्रसंग, त्यातले वाद-प्रतिवाद, पदं, चाली, समोरच्या नटाचा स्वभाव, गावागावातल्या प्रेक्षकाची आवड, हे सगळं त्याच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. म्हणजे संहितेशिवाय काम करणाऱ्या नटाला जास्त शिकावं लागतं. सोपं शिक्षण हवं म्हणून मी हे लिहीत नाहीये. आत्ता देतो त्यापेक्षा बरंच अवघड शिक्षण द्यायला हवं, असं मला म्हणायचंय.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. नटांनी मिळून केलेली नाटकं बघायला गेलं की काय दिसतं? काळे कपडे घातलेली दहा मुलं, एकमेकांच्या अंगावर चढून केलेले आकार, मोबाइलच्या टॉर्चचे उजेड, सावकाश चालणं, आणि मधेमधे प्रेक्षकांकडे बघून म्हटलेली घोषणावजा वाक्यं. दोन प्रसंगांचा एकमेकांशी संबंध नाही, भाषा वर्तमानपत्राच्या मथळ्याची. नाटककाराच्या एका चांगल्या पानापुढे हे सगळं फिकं पडतं, असं माझे ज्येष्ठ मित्र म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. मी त्यांना एवढंच विचारते, की या मुलांना हालचाल शिकवली, आवाज शिकवला, पण रचना कुणी शिकवली का? एखाद्या गोष्टीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, कुठला प्रसंग आधी आणि का, पात्राला नेमकं काय हवंय आणि ते त्याला कशामुळे मिळत नाहीये, प्रेक्षकाला एखादी माहिती आत्ता द्यायची की दहा मिनिटांनी, हे शिकायला लागतं. लेखक हे वर्षानुवर्षं लिहून-फाडून शिकतो. नटाला मात्र आपण ते आपोआप यावं अशी अपेक्षा करतो.

गिरणीच्या त्या खेळात सगळ्यात अवघड दिवस कोणता होता सांगते. सातवा. तोवर मुलांनी चाळीस मिनिटांचा ऐवज जमवला होता आणि प्रत्येकाला आपला तुकडा प्राणापेक्षा प्रिय झाला होता. एका मुलाने दारुड्याची भूमिका झकास बसवली होती, हशा हमखास होता. त्या दारुड्याचा डब्याच्या रांगेशी काहीच संबंध नव्हता. तो काढायचा हे गटाने स्वतः ठरवायला दीड दिवस गेला. मी सांगून पाच मिनिटांत काढता आला असता. पण मग ते माझं नाटक झालं असतं. तो मुलगा रुसला, एक दिवस आला नाही, परत आला तेव्हा म्हणाला, ‘मी तो डबा घेऊन उभा राहिलेला माणूस करतो, काही बोलणार नाही.’ खेळात सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो हाच. दीड दिवसात तो जे शिकला ते व्याख्यानातून शिकवता येत नाही.

पॅरिसमध्ये झाक लकॉक यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या नाट्यशाळेत हे शिकवण्याची रीतसर सोय आहे. लकॉक मुळात शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातले. १९६८ च्या फ्रान्समधल्या विद्यार्थी आंदोलनानंतर त्यांनी एक प्रथा पाडली. विद्यार्थ्यांनी रोज काही वेळ शिक्षकाशिवाय गटात काम करायचं, दिलेल्या विषयावर स्वतःचा तुकडा रचायचा, आणि मग तो सगळ्यांसमोर मांडायचा. शिक्षक फक्त बघणार आणि बोलणार. त्या शाळेत फ्रेंच दिग्दर्शिका आरियान म्नुश्किन शिकल्या, ‘काँप्लिसिते’ या लंडनच्या नाटकमंडळाचे सायमन मॅकबर्नी शिकले, आणि दोघांनीही जगाला दखल घ्यावी लागली असं नाटक नटांसोबत घडवलं. रोज थोडं, पडेल, फसेल, फेकून द्यावं लागेल असं काम करायची मोकळीक त्यांना शिकत असतानाच मिळाली होती. आपल्याकडे शिबिराच्या पहिल्याच दिवशी पालक विचारतात, शेवटी नाटक बसवणार ना? आणि पंधरा दिवसांतले दहा दिवस त्या शेवटच्या नाटकात जातात.

जवळचं उदाहरण दिग्दर्शक हबीब तन्वीर यांचं. लंडनच्या ‘राडा’ या प्रसिद्ध नाट्यशाळेत शिकून आलेला हा माणूस, १९५९ मध्ये मोनिका मिश्रांबरोबर ‘नया थिएटर’ काढतो आणि छत्तीसगडच्या नाचा या लोकनाट्यातले नट बरोबर घेतो. बरीच वर्षं त्यांना हवं तसं काम होईना. पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं की चूक आपली होती. ज्या नटांची जीभ छत्तीसगढीत चालते त्यांना आपण हिंदी बोलायला लावत होतो, आणि जे मोकळ्या जागेत प्रेक्षकांच्या कलाने फिरतात त्यांना आखून दिलेल्या जागांवर उभं करत होतो. १९७३ च्या रायपूरच्या कार्यशाळेत हे सोडून दिलं. नटांना त्यांच्या बोलीत, त्यांच्या चालीने काम करू दिलं, आणि त्यातूनच पुढे ‘चरणदास चोर’पर्यंतचा रस्ता झाला. १९८२ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात त्या नाटकाने पुरस्कार घेतला. इतका शिकलेला दिग्दर्शक आपली शिकवण बाजूला ठेवायला तयार झाला. असे शिक्षक आपल्याकडे किती आहेत?

बोलीचा मुद्दा मी सहज ओलांडून जाणार नाही, कारण त्यात मुलांचं फार नुकसान होतं. आपल्या शिबिरांत पहिला तास उच्चारांचा असतो. खानदेशातल्या, विदर्भातल्या, लातूर-नांदेडच्या मुलाला पहिल्याच तासाला कळतं की आपण बोलतो ते चुकीचं आहे. न आणि ण यांतला फरक कानाला कळला पाहिजे, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे, हे मला मान्यच आहे. दिग्दर्शक पं. सत्यदेव दुबे यांनी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नटांकडून बोलण्याची जी मेहनत करून घेतली तिची किंमत मी जाणते. पण शब्द स्पष्ट करणं वेगळं आणि जीभच बदलणं वेगळं. बोली काढून घेतली की त्या मुलाच्या आठवणी, शिव्या, लाड, भांडणं हे सगळं त्याच्या हातून जातं. मग तो रचणार कशातून? उरतं ते मालिकेतलं मराठी, आणि त्या मराठीत जिन्यात बसलेली ती श्रीमंत बाईच सुचते. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. राजकुमार तांगडे यांचं लेखन, संभाजी भगत यांची संकल्पना आणि संगीत, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, आणि रंगमंचावर जालना जिल्ह्यातले, शेती करणारे नट. त्यांची भाषा प्रमाण करून घेतली असती तर ते नाटक पहिल्या अंकातच कोसळलं असतं. त्याच वर्षी अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं, महात्मा फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. ते लिहिलेलंच नाटक होतं, तरी त्या माणसांच्या तोंडून फुल्यांचा शब्द वेगळा ऐकू आला.

याचा अर्थ लेखक नको असा कुणी काढू नये. उलट लेखक तालमीच्या खोलीत पहिल्या दिवसापासून हवा, आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. आपली ज्यांच्यावर मान डोलते ती नाटकं आठवून बघा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची कल्पना विजय तेंडुलकरांना मिळाली ती अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला निघालेल्या एका हौशी मंडळीच्या गप्पांतून. १९६७ मध्ये मुंबईच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ते केलं, अरविंद देशपांडे यांनी बसवलं. बेणारेचं शेवटचं स्वगत दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे लिहिलं गेलं. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ चं. माणसांच्या भिंतीची कल्पना तेंडुलकरांच्या लेखनातली, कोकणातल्या ‘खेळे’ या लोकनाट्यातून आलेली. पण ती भिंत क्षणात ब्राह्मणांची रांग, क्षणात पडदा, क्षणात गर्दी होते, ते जब्बार पटेल, भास्कर चंदावरकर, कृष्णदेव मुळगुंद आणि पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेची तरुण मुलं यांनी तालमीत घाम गाळला म्हणून. त्यातले कित्येक जण डॉक्टरी शिकत होते किंवा नोकऱ्या करत होते. नट, लेखक, संगीतकार एका खोलीत महिनोन्‌महिने एकत्र होते, म्हणून ते झालं. ती खोली आज कुठे आहे?

हा प्रश्न मी शब्दशः विचारते आहे. आपल्या नगरपालिका आणि महापालिका नाट्यगृहं बांधतात. आठशे-हजार खुर्च्या, मोठा दर्शनी भाग, उद्घाटनाची कोनशिला. वर्षातले कितीतरी दिवस तिथे लग्नाचे स्वागतसमारंभ, शाळांची गॅदरिंगं, सत्कार होतात. त्याच गावात वीस माणसं संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ रोज बसून काम करू शकतील अशी, लाकडी जमिनीची, पंखे असलेली, संडास असलेली एक खोली नसते. मुली असतात म्हणून संडासाचा मुद्दा मी मुद्दाम लिहिते. त्या कारणाने शिबिर सोडलेल्या मुली मी बघितल्यात. एका नाट्यगृहाच्या खर्चात अशा कितीतरी खोल्या होतील. नाट्यगृहाच्या बरोबरीने तालमीची खोली हा नगररचनेचा, सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे, आणि रंगकर्मींनी तो निवडणुकीच्या वेळी नगरसेवकाला विचारला पाहिजे.

खोलीनंतर वेळ. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून. तिथून चांगली माणसं बाहेर पडतात. पण बाहेर पडल्यावर त्यांना एकत्र काम करत राहायला जागा आणि पगार नसतो, म्हणून ती मुंबईला जातात आणि एकेकटी होतात. कर्नाटकात हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘निनासम’ उभं केलं. १९८० पासून तिथे नाट्यशिक्षण आहे, आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ हे फिरतं नाटकमंडळ आहे. शिकलेली मुलं त्यात काम करतात, कर्नाटकभर प्रयोग लावतात, पगार घेतात. शिक्षण आणि धंदा यांच्यामध्ये जो खड्डा आहे तो त्यांनी भरला. तालुक्या-तालुक्याला नाटकाचं वेड असलेल्या महाराष्ट्रात असं सातत्याने चाललेलं एकही ठिकाण मला दाखवता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. सिंगापूरमध्ये क्वो पाओ कुन आणि टी. शशिधरन यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेल्या नाट्यशाळेत तीन वर्षांत विद्यार्थी आपलं केरळचं कुडियाट्टम, जपानचं नो, चीनचं बीजिंग ऑपेरा, इंडोनेशियाचं वायांग वोंग एवढं शिकतात. कुणी नोचा नट व्हावा म्हणून नव्हे, तर चार वेगवेगळ्या शिस्तींतून गेलेलं शरीर स्वतःचं आजचं नाटक रचायला बळकट होतं म्हणून. आपण आपल्याच दशावताराला अभ्यासक्रमात आठवडाभर देतो, आणि मुलं त्यातून चार पावलं आणि एक मुकुट घेऊन येतात.

आणखी एक अडचण आपली स्वतःची, कायद्याने तयार केलेली. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करण्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अमोल पालेकर यांनी याला २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. अभिव्यक्तीचा मुद्दा त्यात आहेच, आणि तो मोठा आहे. पण नाट्यशिक्षणाच्या अंगानेही याकडे बघायला हवं. ज्या नाटकात प्रत्येक प्रयोगाला दोन वाक्यं बदलतात, जे प्रेक्षकाच्या उत्तरावर पुढे जातं, त्याची संहिता आधी कुठली द्यायची? बिनसंहितेच्या खेळाची एवढी जुनी परंपरा असलेल्या राज्यात नव्या मुलांना पहिला धडा मिळतो तो हा, की आधी लिहून आणा, मग बोला.

एकांकिका स्पर्धांबद्दल मी हात राखून लिहिते, कारण मी त्यांतूनच आले. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून आहे, आणि महाविद्यालयातल्या मुलांनी रात्र रात्र जागून स्वतःचं नाटक रचण्याची सगळ्यात मोठी शाळा आपल्याकडे हीच आहे. ‘संगीत देवबाभळी’सारखं नाटकसुद्धा आधी एकांकिका होतं. पण स्पर्धेत शिकणं होतं ते जिंकण्याच्या घाईत, आणि शिकवणारं कुणी नसतं. आदल्या वर्षीच्या विजेत्यांकडे बघून पुढच्या वर्षीचे शिकतात. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची नाही असं ठरवलं, तेव्हा भरपूर चर्चा झाली. परीक्षक बरोबर की मुलं, यावर सगळे बोलले. या मुलांना वर्षभरात रचना शिकवायला कोण गेलं होतं, हे विचारलेलं माझ्या वाचनात आलं नाही. स्पर्धा संपल्यावर सहा महिने त्याच गटांना एखादा लेखक, एखादा दिग्दर्शक आणि एक खोली मिळाली असती तर त्या चर्चेतून काही निघालं असतं.

श्रेयाचा मुद्दा राहिला. नटांनी आणलेले प्रसंग, त्यांचे शब्द, त्यांच्या घरातल्या गोष्टी नाटकात जातात आणि जाहिरातीत नाव एकाच माणसाचं येतं, हे मी बघितलंय, आणि एकदा माझ्याही बाबतीत झालंय. रचणारा नट हवा असेल तर लेखनाच्या श्रेयात आणि मानधनात त्याचा वाटा आधी, कागदावर ठरला पाहिजे. हे शिबिरातच शिकवायचं. गिरणीच्या खेळाच्या वेळी आम्ही वहीच्या पानावर पाच नावं लिहिली आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या. दारुडा सोडून डबा धरलेल्या मुलाने विचारलं, ‘मी तर एक शब्दपण बोललो नाही, माझं नाव कशाला?’ बाकीच्या चौघांनी त्याच्याकडून सही करून घेतली.

तो गट अजून एकत्र आहे. आठवड्यातून तीन दिवस भेटतात. आधी एका शाळेच्या वर्गात बसायचे, परीक्षा सुरू झाल्यावर तो बंद झाला. मग रात्री गिरणी बंद झाल्यावर गिरणीतच बसायला लागले; वडिलांनीच किल्ली दिली. जागा दहा बाय बारा, त्यातली अर्धी मशीनची, आणि पिठाच्या धुळीने दोघींना खोकला लागलाय. नगरपालिकेच्या नाट्यगृहामागे सामान ठेवायची एक खोली रिकामी पडून आहे. तिच्यासाठी त्यांनी अर्ज केला आहे. अर्जासोबत संहिता जोडा, असं त्यांना सांगण्यात आलंय.